एलिफंट नोजच्या टँकमध्ये काळं शेवाळ आणि वाळूवर निळसर साय: औषध न घालता कसं घालवायचं?

भोवरा
नमस्कार. टँकची माहिती आधीच देतो, म्हणजे उलटतपासणी वाचेल.

माप १२० × ४५ × ५० सेंमी. तळाला ५ सेंमी बारीक वाळू, एक मोठं ड्रिफ्टवुड. मासे: एलिफंट नोज १ (साधारण १४ सेंमी), आफ्रिकन बटरफ्लाय फिश २, उलटे पोहणारे सिनोडॉन्टिस कॅटफिश ५. झाडं: लाकडावर बांधलेला अनुबियास, जावा फर्न आणि बोल्बिटिस, मागे वॅलिसनेरिया. कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेर ठेवायचा, बंद डब्याचा) ताशी १००० लिटरचा. लाइट ३६ वॅट एलईडी, रोज ९ तास. पाणी १५ दिवसांनी २५ टक्के बदलतो. तापमान २६, पीएच ७, जीएच (पाण्याचा कठीणपणा) ६, नायट्रेट ४० पीपीएम, फॉस्फेट २ पीपीएमच्या वर. खाणं: रात्री टँकचे दिवे बंद झाल्यावर फ्रोझन ब्लड वर्मच्या (लाल अळ्यांच्या) ४ क्यूब.

त्रास दोन प्रकारचा. अनुबियासच्या पानांच्या कडा, लाकूड आणि फिल्टरचा आउटलेट यांवर ५ ते ८ मिलीमीटरचे काळे झुबके आलेत, ओढले तरी निघत नाहीत. आणि पुढच्या काचेलगत वाळूवर निळसर हिरवी साय धरते. सायफनने काढली की आठवड्यात परत.

प्रश्न:
१. हाताशी शेवाळनाशकाची एक बाटली आहे, लेबलवर कॉपर सल्फेट लिहिलंय. एलिफंट नोज असताना चालेल का?
२. हायड्रोजन पेरॉक्साइड वापरायचं तर किती?
३. शेवाळ खाणारा कोणता मासा या टँकमध्ये जमेल?

खोलपाणी
पहिल्याचं उत्तर: नाही. बाटली बाजूला ठेवा.

तांब्याची मात्रा शेवाळाला मारणारी आणि माशाला न मारणारी अशी मधली जागा फार अरुंद असते. पाणी जितकं मृदू तितकी ती आणखी अरुंद होते, आणि तुमचं जीएच ६ म्हणजे पाणी मृदूकडेच झुकलेलं आहे. शिवाय तांबं वाळूत आणि लाकडात बसून राहतं. पुढे कधी गोगलगायी किंवा कोळंबी आणलीत तर ती कारण न कळता मरत राहतील.

एलिफंट नोजची गोष्ट याहून नाजूक. आपण ज्याला सोंड म्हणतो ती खरं तर त्याची हनुवटी. तिच्यावर आणि अंगभर विद्युत् संवेदना टिपणाऱ्या पेशी असतात, शेपटीच्या देठात दुबळा विद्युत् स्पंद सोडणारा अवयव असतो, आणि अंधारात तो जग ‘बघतो’ ते त्यावरच. पाण्यात काहीही मिसळलं की सगळ्यांत आधी त्याला कळतं. जर्मनीत पिण्याच्या पाण्यावर पहारा ठेवायला हाच मासा वापरला गेलाय. पाणी बिघडलं की स्पंदांची गती बदलते. त्यामुळे तांबं नको, आणि ‘थोडं मीठ घाला’ असं कोणी सांगितलं तर तेही नको. मिठाने पाण्याची विद्युत् वाहकता एकदम चढते.

आता तुमच्या दोन्ही त्रासांचं. हे एकच शेवाळ नाही. काळे झुबके म्हणजे ब्लॅक बिअर्ड अल्गी, ज्याला सगळे बीबीए म्हणतात. दिसायला काळं, पण जात लाल शेवाळाची. वाळूवरची साय मात्र शेवाळच नाही, ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. खात्री करायची तर बोटाने कड उचलून बघा. सायनो अख्ख्या पापुद्र्यासारखा सुटतो, खाली बारीक बुडबुडे अडकलेले असतात आणि वास मातकट, कुजका येतो. हात नंतर साबणाने धुवा.

आधी साय काढा, बीबीए नंतर. सायनोसाठी या टँकमध्ये सगळ्यांत सोयीचा उपाय अंधार, कारण तुमचे बहुतेक मासे तसेही निशाचर. पद्धत अशी: आधी सायफनने जेवढी निघेल तेवढी साय ओढून घ्या, त्यात ३० टक्के पाणी जाईल ते जाऊ द्या. नवीन पाणी क्लोरिन काढून, तापमान एका अंशाच्या आत जुळवून भरा. मग लाइट बंद, चारही बाजूंनी जाड चादर, पूर्ण ४ दिवस. तिसऱ्या दिवशी ‘गेलं का बघू’ म्हणून टॉर्च मारायचा नाही.

यातली गफलत नेहमी एकाच ठिकाणी होते: ऑक्सिजन. अंधारात झाडं ऑक्सिजन देत नाहीत, उलट घेतात, आणि मरणारी साय कुजताना आणखी खाते. एलिफंट नोजचा मेंदू शरीराच्या मानाने प्रचंड. शरीराच्या एकूण ऑक्सिजनपैकी सुमारे ६० टक्के एकटा मेंदू वापरतो. दुसरे मासे नुसते सुस्त होतील अशा पाण्यात हा आडवा पडेल. म्हणून चारही दिवस एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू, फिल्टर चालू. चौथ्या दिवसानंतर ३० टक्के पाणी, दुसऱ्या दिवशी पुन्हा ३० टक्के. एकदम ६० टक्के बदलू नका, नायट्रेट ४० वर साचलेल्या पाण्यातून एकदम ताज्या पाण्यात जाणं हाही धक्काच.

अंधारात वॅलिसनेरियाची काही पानं गळतील. अनुबियास आणि बोल्बिटिसला काही होत नाही.

निवळी
वरचं सगळं बरोबर, पण चादर काढल्यावर तीन आठवड्यांत साय परत येणार, कारण मूळ कारण प्रश्नातच लिहिलंय: ४ क्यूब.

१४ सेंमीच्या एका एलिफंट नोजला रात्रीला अर्धी ते एक क्यूब पुरते. मग चार का लागतात? तर पाच सिनोडॉन्टिस. तेही रात्रीचेच, चपळ आणि हावरे. एलिफंट नोज मात्र हनुवटी वाळूवर टेकवत, मधूनच उलटा मागे सरकत, एकेक अळी टिपत फिरतो. त्याच्यापर्यंत काही पोचावं म्हणून आपण वाढवत जातो. उरलेलं वाळूत शिरतं. सायनोला सुपीक वाळू मिळते आणि फिल्टरच्या प्रवाहातून बारीक कचरा अनुबियासच्या कडांवर आदळत राहतो. तुमचे काळे झुबके नेमके आउटलेटवर आणि पानांच्या कडांवर आहेत, ते उगाच नाही.

खाणं घालायची पद्धत बदला.

दिवे जायच्या वीस मिनिटं आधी टँकच्या एका टोकाला, लाकडाखाली, बुडणाऱ्या पेलेट टाका. सिनोडॉन्टिस तिथे गुंततील आणि पोट भरून सुस्त होतील. बटरफ्लायना पृष्ठभागावर चिमट्याने लहान किडे किंवा तरंगणारं खाणं. ते तळाशी येतच नाहीत, त्यामुळे त्यांच्या नावाने ब्लड वर्म टाकण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या टोकाला १२ मिलीमीटर व्यासाची कडक ॲक्रिलिक नळी उभी करा. वरचं तोंड पाण्याबाहेर, खालचं एका छोट्या काचेच्या बशीच्या २ सेंमी वर. बशी वाळूत अशी बसवा की कड वाळूशी सपाट होईल. कडा गुळगुळीत हव्यात, हनुवटी खरचटली की जंतुसंसर्ग होतो आणि या माशाचं खाणंच थांबतं. दिवे गेल्यावर अर्ध्या तासाने ड्रॉपरने अळ्या नळीतून सोडायच्या. चार-सहा दिवसांत तो जागा ओळखतो आणि नळीखाली येऊन थांबतो. सकाळी बशीवर उरलेलं ड्रॉपरनेच उचलायचं. वाळूत काही जात नाही, हा त्यातला खरा फायदा.

क्यूब थेट टाकू नका. चहाच्या गाळणीत घेऊन टँकच्याच मगभर पाण्यात विरघळवा, लाल पाणी ओतून द्या, अळ्या एकदा धुवा. त्या लाल रसात प्रथिनं आणि फॉस्फेट असतं, माशाच्या पोटात त्यातलं काहीच जात नाही. तुमचं २ च्या वरचं फॉस्फेट बऱ्याच अंशी तिथूनच येत असावं.

मोजमाप पोटावरून ठेवा. वरून बघितलं तर डोक्यामागे खळगा दिसता कामा नये, आणि बाजूने पोट किंचित गोल. खळगा दिसला तर त्याला कमी पडतंय. अंधाराच्या चार दिवसांतही एक दिवसाआड अर्धी क्यूब नळीतून द्या. बारीक असलेल्या एलिफंट नोजला उपास झेपत नाही. बाकीच्यांना चार दिवस काही दिलं नाही तरी चालेल.

अवांतर: पुढच्या काचेलगतच साय का, तर वाळूच्या थरात काचेतून बाजूने उजेड शिरतो. वाळूच्या उंचीएवढी काळ्या टेपची पट्टी काचेच्या बाहेरून लावा. दोन मिनिटांचं काम आहे, पण लोक औषधांवर औषधं घालतात आणि हे करत नाहीत.

भोवरा
धन्यवाद. चार क्यूबचं गणित अगदी तसंच आहे, सिनोडॉन्टिस सगळं पळवतात म्हणूनच वाढवत गेलो.

पेरॉक्साइडचं कोणी सांगेल का? घरात जी बाटली आहे तिच्यावर टक्के नाहीत, ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलंय. आणि लिक्विड कार्बन (झाडांना कार्बन पुरवायला म्हणून विकतात ते द्रव) वापरलं तर?

पाणकोळी
२० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के. (एक लिटर द्रावणातून २० लिटर ऑक्सिजन सुटतो, असा त्याचा अर्थ.) १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के. शेवाळासाठीचे जेवढे आकडे वाचायला मिळतात ते ३ टक्क्यांचे असतात, आणि ६ टक्क्यांची बाटली त्याच मापाने ओतली की दुप्पट डोस जातो. मासे मेल्याच्या बऱ्याच तक्रारींमागे एवढंच असतं. तुमचं द्रावण तेवढ्याच स्वच्छ पाण्यात मिसळून ३ टक्के करून घ्या. बाटली जखमेवर लावायच्या साध्या पेरॉक्साइडची हवी, केस रंगवायच्या डेव्हलपरची नको. त्यात इतर रसायनं असतात.

आता पाण्याचा हिशोब. काचेचं माप २७० लिटर येतं. त्यातून वाळूचे २७, वरचे मोकळे ४ सेंमी म्हणजे आणखी २१-२२, आणि लाकूड वजा करा. खरं पाणी साधारण २१५ लिटर. डोस नेहमी याच आकड्यावर काढायचा.

साध्या टँकमध्ये ३ टक्के पेरॉक्साइड ४ लिटरला १ मिलीपर्यंत देतात, म्हणजे तुमच्याकडे ५४ मिली. एलिफंट नोजसाठी मी त्याच्या निम्म्यावर थांबेन, एका वेळी २५ मिली, आणि दोन डोसमध्ये किमान दोन दिवस. पण खरं सांगायचं तर तुमच्या टँकमध्ये पाण्यात घालायची गरजच नाही. बीबीए लाकडावर आणि लाकडावर बांधलेल्या झाडांवर आहे. अख्खं लाकूड बाहेर काढा.

लाकूड उचलायच्या आधी एलिफंट नोज त्याच्या पोकळीत बसलेला नाही ना ते बघा. दिवसा तो तिथेच असतो. त्याला आधीच एक गडद नळी लपायला देऊन ठेवा.

बाहेर काढल्यावर बोल्बिटिस ओल्या कापडात गुंडाळा, त्याला पेरॉक्साइड सोसत नाही. शक्य असेल तर सोडवून वेगळाच ठेवा. अनुबियास आणि जावा फर्नवर, आणि उघड्या लाकडावर, ३ टक्के द्रावण फवाऱ्याने मारा. झुबक्यांवर लगेच बारीक फेस उठतो. ४ ते ५ मिनिटं थांबा, जास्त नाही, मग क्लोरिन काढलेल्या पाण्यात दोनदा खळबळून परत ठेवा. हातमोजे घाला आणि फवारा डोळ्यांच्या उंचीवर धरू नका.

फवारल्यावर लगेच काही दिसणार नाही. दोन-तीन दिवसांत झुबके काळ्याचे विटकरी, मग गुलाबी होतात. गुलाबी म्हणजे मेलं. पुढे ते पांढरट पडून झडतं. आठवड्याने जिथे काळंच राहिलंय तिथे द्रावण पोचलं नव्हतं. तेवढ्याच जागी पुन्हा.

जी अनुबियासची पानं अर्ध्याहून जास्त काळी आहेत ती वाचवत बसू नका. देठ कंदापाशी कापून टाका, पण एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त पानं नाही. अनुबियास तीन-चार आठवड्यांना एखादं पान काढतो, सगळं छाटलं तर वर्षभर टक्कल दिसेल. आउटलेटचा पाइप सुटा करून ब्रशने घासा.

टँकच्या आत एखाद्या जागी मारायचंच असेल तर सुई काढलेल्या सिरिंजने, फिल्टर बंद करून, झुबक्याच्या अगदी जवळून हळू सोडा. दहा मिनिटांनी फिल्टर सुरू. कॅनिस्टर तासभर बंद राहिला तर आतल्या जिवाणूंचा ऑक्सिजन संपतो आणि सुरू केल्यावर तो घाण पाणी टँकमध्ये ओततो. टाइमर लावा.

लिक्विड कार्बनच्या बहुतेक बाटल्यांत ग्लुटराल्डिहाइड असतं. बीबीए त्याने मरतं हे खरं. पण वॅलिसनेरिया त्यात वितळतो, मासे पृष्ठभागावर धापा टाकू लागल्याचे प्रकार होतात, आणि ऑक्सिजनचं खोलपाणी यांनी लिहिलंच आहे. या टँकमध्ये नको.

कातळमासा
शेवाळ खाणाऱ्या माशांचं थोडक्यात, कारण माझं मत आहे की सध्या काहीही आणू नये.

बीबीए खरोखर खाणारा म्हणून सियामीज अल्गी ईटर प्रसिद्ध, आणि तो खातोही, विशेषतः लहान असताना. पण त्या नावाखाली तीन मासे विकले जातात. खऱ्या सियामीजची काळी पट्टी शेपटीच्या खाचेपर्यंत जाते, पट्टीच्या कडा करवतीसारख्या आणि पर पारदर्शक. फ्लाइंग फॉक्सची पट्टी सरळ रेघेसारखी, वर सोनेरी रेघ, पर रंगीत. मोठा झाला की हद्दीसाठी भांडतो. तिसरा चायनीज अल्गी ईटर, चोषक तोंडाचा. हा मोठेपणी शेवाळ सोडून दुसऱ्या माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर चोखतो. संथ एलिफंट नोज म्हणजे त्याचं हक्काचं ताट. कॉमन प्लेकोचंही रात्री तेच, शिवाय तो ४० सेंमीच्या पुढे वाढतो.

खरा सियामीजही तुमच्या ब्लड वर्मवर सिनोडॉन्टिसपेक्षा आधी पोचेल. म्हणजे सहावा चोर. नळीची पद्धत दोन महिने नीट चालली तर मग विचार करा. ब्रिसलनोज प्लेको निरुपद्रवी, पण तो बीबीएला तोंड लावत नाही. नेराइट गोगलगायी काचेवरचे हिरवे ठिपके छान काढतात. पांढरी अंडी लाकडावर चिकटवतात, ती गोड्या पाण्यात फुटत नाहीत पण दिसायला वाईट दिसतात. सायनो यांपैकी कोणीच खात नाही.

तळ्यातला
यूव्ही लॅम्प (अतिनील किरणांचा दिवा) लावा की, सगळं साफ होतं. आणि नायट्रेट शून्यावर आणा, शेवाळाला खायलाच उरणार नाही.

खोलपाणी
@तळ्यातला, यूव्ही फक्त त्याच्यातून वाहणाऱ्या पाण्यातलं मारतो. पाणी हिरवं झालं असतं तर उत्तम उपाय होता. चिकटलेल्या बीबीएपर्यंत आणि वाळूवरच्या सायीपर्यंत तो पोचतच नाही.

नायट्रेट शून्य हा सल्ला तर उलटा बसतो. नायट्रेट संपलं आणि फॉस्फेट राहिलं की झाडं उपाशी राहतात आणि सायनो फोफावतो, त्याच्या काही जाती हवेतला नायट्रोजन वापरू शकतात. १० ते २० पीपीएम नायट्रेट, ०.५ ते १ पीपीएम फॉस्फेट, एवढ्यावर ठेवायचं. दोन आठवडे दर तीन दिवसांनी २५ टक्के, नंतर आठवड्याला ३० टक्के पाणी. त्याआधी नळाच्या पाण्याचं नायट्रेट एकदा तपासा. तिथेच २० असेल तर बादल्या वाहून उपयोग नाही, मग तरंगणारी झाडं वाढवा.

ती तशीही लावाच. साल्व्हिनिया किंवा पिस्टिया, पृष्ठभागाच्या निम्म्याहून थोड्या जास्त भागावर. बटरफ्लायना आडोसा मिळतो, एलिफंट नोज संध्याकाळी लवकर बाहेर येतो, आणि अनुबियासवरचा उजेड कमी होतो. दर आठवड्याला एक तृतीयांश झाडं काढून फेकायची. फेकलेल्या झाडांबरोबरच नायट्रेट आणि फॉस्फेट टँकबाहेर जातं. लाइट ६ तासांवर आणा, टाइमरवर.

फिल्टर ताशी १००० लिटर म्हणजे पाणी तासाला साडेचार वेळा फिरतं, पुरेसं आहे, पण स्पंज स्वच्छ असेपर्यंतच. इनलेटला वरून स्पंज बसवून तो दर आठवड्याला टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळा. आतलं मटेरियल दीड महिन्याने, एका वेळी निम्मंच. स्प्रे बार (फिल्टरचं पाणी टँकमध्ये सोडणारी भोकांची नळी) मागच्या काचेकडे खाली वळवा. पृष्ठभाग खळबळला तर बटरफ्लाय कोपऱ्यात दबून बसतात.

भोवरा
उद्यापासून चादर. शेवटची शंका: नळी कायम ठेवायची तर झाकणाला भोक पाडावं लागेल. बटरफ्लाय उडी मारतात म्हणून विचारतो.

निवळी
भोक नळीच्या व्यासापेक्षा २ मिलीमीटर मोठं, म्हणजे १४. कोपरा कापून फट ठेवायची नाही, बटरफ्लाय तेवढ्यातून बरोबर बाहेर जातो, तोही रात्री. नळीभोवती फिल्टरच्या स्पंजची चकती बसवा म्हणजे नळी हलणार नाही आणि फटही बुजेल. वरच्या तोंडाला बूच ठेवा, पण अळ्या सोडताना काढा. बूच असताना आत हवा कोंडते आणि अळ्या खाली उतरत नाहीत.

एअर स्टोनच्या नळीसाठी वेगळं भोक पाडा, आणि एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा. चादरीखाली चार दिवस कोणी बघणार नाही, त्यात वीज गेली तर पाणी नळीतून उलटं खाली येतं.